संयुक्त सूक्ष्मदर्शीचे भाग आणि त्यांची हाताळणी

सूक्ष्मदर्शी उचलताना एका हाताने त्याची भुजा धरावी व दुसरा तळहात पायाखाली द्यावा. टेबलावर ठेवल्यावर नेत्रिकेला डोळा लावण्याची घाई करू नये, कारण ‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा भिंगांत नसून खालच्या प्रकाशव्यवस्थेत असते.

तळाशी आरसा किंवा दिवा असतो. आरशाच्या वर कंडेन्सर (प्रकाश एकवटणारे भिंग) असेल तर आरशाची सपाट बाजू वापरावी, नसेल तर अंतर्वक्र. थेट ऊन मात्र आरशावर कधीही घेऊ नये. आषाढातल्या काळवंडलेल्या दुपारी आरसा कामाचा नाही, तेव्हा दिवाच बरा. कंडेन्सर प्रकाश नमुन्यावर एकवटतो आणि त्याखालचा डायफ्रॅम त्या प्रकाशाचा झोत रुंद किंवा अरुंद करतो. या दुर्लक्षित भागाचे मोल अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या पापुद्र्यावर चांगले कळते. पापुद्र्याला स्वतःचा रंग नसल्याने डायफ्रॅम पूर्ण उघडा असता पेशी उजेडात विरून जातात. तो जरासा मिटला की पेशीभित्तिका जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीतल्या सांध्यांसारख्या उठून दिसतात. आयोडीनचा एक थेंब दिल्यास केंद्रकही ओळखता येते. डायफ्रॅम फार मिटल्यास मात्र बारकावे हरवतात.

काचपट्टी मंचावर क्लिपांखाली अशी बसवावी की नमुना छिद्राच्या बरोबर वर येईल. फिरत्या चकतीवरील पदार्थभिंगे सहसा ४, १०, ४० आणि १०० पट वर्धनाची असतात. नेत्रिका १० पटीची असल्यास एकूण वर्धन ४० ते १००० पट होते. सुरुवात नेहमी ४ पटीच्या भिंगाने करावी. बाजूने पाहत मोठ्या स्क्रूने भिंग व काचपट्टी जवळ आणावीत आणि मग नेत्रिकेतून पाहत त्यांच्यातील अंतर वाढवत जावे. उलट क्रमाने केल्यास काच फुटते. ४० पटीच्या भिंगाखाली एक मिलिमीटरही जागा उरत नाही, म्हणून तेथे केवळ लहान स्क्रू फिरवावा. १०० पटीच्या भिंगाला काचेइतकाच, म्हणजे सुमारे १.५ अपवर्तनांक असलेल्या तेलाचा थेंब लागतो. प्रतिमा उलटी दिसत असल्याने काचपट्टी डावीकडे सरकवली की दृश्य उजवीकडे जाते; सवय व्हायला दोन दिवस पुरतात.

खाडीच्या पाण्याचा थेंब कव्हरस्लिपशिवाय (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेशिवाय) पाहू नये, खारे पाणी भिंगाच्या धातूच्या कडेला लागते. काम झाल्यावर भिंगे लेन्स पेपरनेच पुसावीत, खिशातल्या रुमालाने नव्हे. एका पावसाळ्यात लाकडी पेटीत बंद ठेवलेल्या माझ्या सूक्ष्मदर्शीच्या ४० पटीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली आणि ती गेली तरी काचेवर ओरखड्यांसारखे डाग राहिले. तेव्हापासून पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी असते. तिचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा आत ठेवतो.