थ्रीडी लोगो करताय? मग या चुका टाळा, नाहीतर शिरोरेषेचं भजं होतं

मित्राच्या काकांच्या रसवंतीचा बोर्ड करायला घेतला होता, फोटोशॉपमध्ये, आणि पहिल्याच दिवशी मी ‘रसवंती’ या शब्दाला इतकं फुगवलं की काका म्हणाले, "हे काय, साबणाची जाहिरात आहे का?" बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून स्वतः केलेल्या आणि लोकांनी दुरुस्तीला आणून दिलेल्या फायलींमध्ये बघतोय, चुका त्याच त्याच असतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण हा प्रश्न फार येतो. "व्हिडिओत दाखवलेला थ्रीडी मेन्यू माझ्याकडे दिसतच नाही." तुमचं काही चुकलेलं नाही. फोटोशॉपमध्ये अक्षराला खरी जाडी द्यायची सोय सीएस 5 या आवृत्तीत, म्हणजे 2010 ला ‘रिपूसे’ नावाने आली, सीएस 6 मध्ये तिचं नाव ‘थ्रीडी एक्स्ट्रूजन’ झालं, आणि नंतर अडोबीनेच (फोटोशॉपची कंपनी) ते प्रकरण बंद करत आणलं. जुन्या व्हिडिओंच्या मागे लागून दोन दिवस घालवू नका. खरी जाडी हवीच असेल तर इल्युस्ट्रेटरमध्ये 2021 पासून ‘थ्रीडी अँड मटेरियल्स’ पॅनल आहे, किंवा फुकटात हवं असेल तर अक्षरं एसव्हीजी (रेषांच्या स्वरूपातली फाइल) करून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये न्या. पण बोर्ड, कार्ड, डीपी असल्या कामाला लेयर स्टाइलवरच, म्हणजे लेयरला लावायच्या तयार इफेक्ट्सवरच, भागतं, नीट केलं तर.

आता सगळ्यात मोठी चूक, उजेड. लोक बेव्हल अँड एम्बॉस (कडांना उतार देऊन उठाव दाखवणारा इफेक्ट) लावतात, मग ड्रॉप शॅडो (सावली) लावतात, एकात ‘यूज ग्लोबल लाइट’ची (सगळ्या इफेक्ट्सना एकच उजेड) टिक काढलेली असते, दुसऱ्यात असते, मग अक्षरावर चमक वरून डावीकडून येते आणि सावलीही पडते डावीकडेच, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं हे नक्की. उजेड वरून येतो असं आपला डोळा धरूनच चालतो. उपड्या वाटीचा फोटो उलटा करून बघा, वाटी सुलटी दिसायला लागते! अक्षराचं तेच. स्टाइल रास्टराइज करून (म्हणजे पिक्सेलमध्ये पक्की करून) लेयर उलटा फिरवलात की वरची चमक खाली जाते आणि उठावदार अक्षर एकदम खड्ड्यात गेल्यासारखं दिसतं. म्हणून फिरवाफिरवी आधी, रास्टराइज शेवटी, आणि टिक सगळीकडे चालू ठेवा. मी अँगल (उजेडाची दिशा) 120 आणि अल्टिट्यूड (उजेडाची उंची) 30 ठेवतो. अल्टिट्यूड 90 करून "चमक येत नाही" म्हणणारेही भेटलेत, अहो दिवा बरोब्बर डोक्यावर धरलाय, सगळ्या उतारांवर सारखाच उजेड पडणार ना.

दुसरी चूक खास आपल्या लिपीची, इंग्रजी ट्युटोरियलमध्ये ही कधीच सापडणार नाही. बऱ्याच रोमन ठळक अक्षरांना सगळीकडे बऱ्यापैकी सारखी जाडी असते, तिथे बेव्हलचा साइझ जरा जास्त ओढला तरी चालून जातं. देवनागरीत दंड जाड, शिरोरेषा त्यामानाने बारीक, ‘स’मधली जोडणारी रेघ आणखी बारीक, वर अनुस्वाराचा ठिपका. माझ्या त्या फाइलचंच सांगतो. 3000 पिक्सेल रुंद कॅनव्हास, शिरोरेषा 60 पिक्सेल जाड. बेव्हल दोन्ही कडांकडून आत येतो, म्हणजे साइझ 30 झाला की दोन्ही उतार मध्येच भिडतात, सपाट भाग संपतो, शिरोरेषा कौलाच्या छपरासारखी दिसते. मी ठेवला होता 45. अनुस्वार तर शर्टाचं बटण झाला होता. 24 वर आणला तेव्हा मध्ये 12 पिक्सेलची सपाट पट्टी उरली आणि शब्द पुन्हा शब्द वाटायला लागला. तर सगळ्यात बारीक रेघ मोजा, तिच्या निम्म्यापेक्षा साइझ कमीच ठेवा. धारदार कड हवी असेल तर टेक्निक ‘चिझल हार्ड’, ‘स्मूद’ने साबण होतो (काकांना भेटा).

त्याच्याच जोडीला ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजीत अक्षरं जरा लांब लांब ठेवली की लोगो रॉयल दिसतो म्हणे, मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, आणि बेव्हल लावल्यावर प्रत्येक तुकड्याला स्वतःची चकचकीत कड येते, रेल्वेचे डबे नुसते. ट्रॅकिंग शून्य ठेवा. आणि फाइल कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये जाणार असेल, फ्लेक्सवाल्यांकडे बहुतेक जातेच, तर कर्व्ह केलेली (फॉन्टऐवजी नुसता आकार झालेली) अक्षरं ‘कंबाइन’ करू नका, ‘वेल्ड’ करा, कंबाइनमध्ये जिथे एकावर एक रेघ येते तिथे भोकं पडतात. जुन्या फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला पडते किंवा जोडाक्षर सुटून पाय मोडलेला दिसतो, त्यावर उपाय म्हणजे प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवालं निवडायचं, मग पॅराग्राफ पॅनलच्या मेन्यूतून ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’. हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

जाडी दाखवायची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत असते, मूव्ह टूल घेऊन आल्ट दाबून बाण दाबत राहायचं, दर वेळी एक पिक्सेल सरकून कॉपी, अशा तीसेक कॉपी, वरची सोडून बाकी सगळ्या कंट्रोल ई ने एकत्र. युक्ती चांगलीये, गंडतं कुठे तर तीन ठिकाणी. जाडीची बाजू उजेडाच्याच दिशेला काढतात, ती उलट हवी, उजेड वरून डावीकडून तर जाडी खाली उजवीकडे. मग जाडीला सरळ काळा रंग देतात, त्याने अक्षर डांबरात बुडवल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा अक्षराचाच रंग गडद करून द्या. आणि सावली वरच्या लेयरला देतात! ती मग स्वतःच्याच जाडीवर पडते. सावली जाडीच्या लेयरला द्या, कारण जमिनीला टेकतो तो जाडीचाच भाग.

"मोठा होता तेव्हा छान होता, लहान केल्यावर लगदा झाला." हे तर हमखास. कंट्रोल टी ने लेयर लहान केला की अक्षर लहान होतं, इफेक्ट नाही. वरचाच हिशोब घ्या, 3000 चा लोगो 600 ला आणला, शिरोरेषा उरली 12 पिक्सेल आणि बेव्हल अजून 24 चाच. लेयर मेन्यूत लेयर स्टाइलखाली ‘स्केल इफेक्ट्स’ असतं, तिथे 20 टक्के टाका. किंवा आधीच लेयरचा स्मार्ट ऑब्जेक्ट (इफेक्टसकट एकत्र लहानमोठा होणारा लेयर) करून ठेवा म्हणजे भानगडच नको. उलटं मात्र करू नका, 500 पिक्सेलवर काम करून नंतर बोर्डासाठी ताणलं की कडा फाटणारच, त्याला औषध नाही.

बाकी किरकोळ. ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसत असतील तर एक-दोन टक्के नॉइज टाका, जातात. पीएनजी द्यायच्या ऐवजी जेपीजी दिलात तर पिवळ्या बोर्डावर लोगोभोवती पांढरा चौकोन येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तेच होतं आणि वर क्वालिटीही जाते. स्क्रीनवरचा चमकता हिरवा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) गेला की शेवाळासारखा होतो, तेव्हा छापायला द्यायच्या आधी एक साधी ए4 प्रिंट काढून बघा.

काकांचा बोर्ड लागला शेवटी. आता त्यांना बिलबुकासाठी रबरी शिक्का हवाय, त्यातही "तसंच उठून दिसलं पाहिजे". एका रंगाच्या शिक्क्यात बेव्हल कुठून आणू? साधी सपाट काळी फाइल पाठवलीये, अजून फोन आलेला नाही.