'इथे आता काही उरलं नाही' म्हणतात त्या जागी मेटल डिटेक्टर फिरवताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या भागात मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू आवाजाने सांगणारं मशीन, घेऊन फिरणाऱ्या कुणालाही एखाद्या जुन्या घराच्या जागेबद्दल विचारा, ठरलेलं उत्तर येतं, "अरे तिथे लोक ऐंशीच्या दशकापासून फिरतायत, काही राहिलं नाही आता." मी पण हे ऐकून दोन वर्षं चांगल्या चांगल्या जागा सोडून दिल्या. आता त्याच जागांवर जातो आणि बटणं, बकल, मस्केट नावाच्या जुन्या बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, कधीतरी एखादं नाणं घेऊन येतो. मशीन बदललं म्हणून नाही, मशीन तेच आहे, इक्विनॉक्स ८००. आधीच्या लोकांनी काय नेलं असेल आणि काय मागे सोडलं असेल याचा विचार करायला लागलो, एवढाच फरक.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथल्या जंगलात चालताना मध्येच दगडी कुंपणं लागतात आणि दगडाने बांधलेले चौकोनी खड्डे दिसतात, त्यांना सेलर होल म्हणतात, म्हणजे जुन्या घराचं तळघर. १७००-१८०० मध्ये इथे शेती होती, मग १८२५ ला एरी कालवा झाला, पश्चिमेची चांगली जमीन खुली झाली, काही लोक गिरण्यांकडे गेले, शेतं ओस पडली आणि त्यावर जंगल वाढलं. घर गेलं पण अंगणात पडलेल्या वस्तू तिथेच आहेत.

सगळ्यात मोठी चूक, लोखंड बंद करून फिरणं. मशीनमध्ये डिस्क्रिमिनेशन असतं, लोखंडाचा आवाज दाबून टाकायचं सेटिंग, आणि नवीन माणसाला ते फार आवडतं कारण कान शांत राहतात. पण जुनं घर म्हणजे खिळ्यांचा सडा. घर पडलं, कुजलं किंवा जळलं की हजारो खिळे त्याच मातीत. खिळ्याच्या शेजारी नाणं असेल आणि तुम्ही लोखंड दाबलेलं असेल तर मशीन खिळा गिळतं आणि सोबत नाणं पण गिळतं. जुन्या मशीनवाल्यांचं नेमकं हेच झालं, त्यांनी मोकळ्या जागेतले ठणठणीत सिग्नल उचलले आणि खिळ्यांच्या गर्दीतलं सगळं तसंच राहिलं. म्हणजे उरलेला माल कुठे आहे हे वेगळं सांगायला नको, जिथे सगळ्यात जास्त कटकट आवाज येतो तिथेच. लोखंड ऐकू येऊ द्या, फक्त त्याचा आवाज हळू ठेवा. पहिले दोन दिवस डोकं दुखेल, नंतर कान सरावतो, लग्नाच्या हॉलमध्ये एवढ्या गोंगाटात आपलं नाव कुणी घेतलं तर बरोबर ऐकू येतं ना, तसंच.

खिळे बघायची सवय पण लावा, फेकून देऊ नका लगेच. हाताने ठोकलेला, चौकोनी, डोक्यावर हातोड्याचे चार-पाच घाव दिसणारा खिळा म्हणजे साधारण १८०० च्या आधीचं बांधकाम. मशीनने कापलेले चपटे खिळे १७९० च्या दशकापासून पुढचे. गोल तारेचेच खिळे निघत असतील तर तुम्ही १८९० नंतरच्या कचऱ्यात खोदताय, दहा पावलं सरका. माझा अर्धा दिवस आता यातच वाचतो.

दुसरी चूक वेगाची. गवत कापल्यासारखे हात फिरवणारे लोक बघितलेत मी, एका तासात अख्खं शेत उरकतात आणि परत येऊन म्हणतात काही नाही. खिळ्यांच्या जागी कॉइल, म्हणजे दांडीच्या खालच्या टोकाची चकती, इतकी सावकाश फिरवायची की बघणाऱ्याला वाटावं याला काहीतरी झालंय. मोठी ११ इंची कॉइल काढून ६ इंची लावा, कारण मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी पाच खिळे येतात आणि छोटीखाली एखाददुसराच. रिकव्हरी स्पीड म्हणजे एक वस्तू ऐकल्यावर मशीन दुसरीसाठी किती लवकर तयार होतं ते, माझ्या मशीनवर १ ते ८ आहे, लोखंडाच्या गर्दीत मी ६-७ वर ठेवतो. खोली थोडी कमी होते, मान्य, पण जंगलात जिथे नांगर फिरलेला नाही तिथे वस्तू अशा काही पाताळात गेलेल्या नसतात. आणि एकाच दिशेने फिरून थांबू नका. नाणं आणि खिळा एका रेषेत असतील तर उत्तर-दक्षिण फिरताना काही कळत नाही, पूर्व-पश्चिम फिरलात तर त्याच जागी बारीकसा गोड आवाज येतो. माझा पहिला स्पॅनिश अर्धा रियाल, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, असाच मिळाला, आदल्या आठवड्यात तीनदा त्यावरून गेलो होतो.

आता तुम्ही म्हणाल कनेटिकटच्या जंगलात स्पॅनिश नाणं कुठून आलं. ब्रिटिशांनी वसाहतींना स्वतःची नाणी फारशी पाडू दिली नाहीत, मॅसॅच्युसेट्सने १६५२ साल घातलेले चांदीचे शिलिंग पाडले तेवढेच, त्यामुळे बाजारात मेक्सिको आणि पेरूकडची स्पॅनिश चांदीच चालायची, ८ रियालांचा एक डॉलर. सुटे नसतील तर नाणंच छिन्नीने तोडायचे. २ रियाल म्हणजे पाव डॉलर, आपल्या चार आण्यांसारखंच. अमेरिकेत ही नाणी १८५७ पर्यंत कायदेशीर होती, म्हणून १८०० नंतरच्या घरातही ती निघतात.

हे सांगायचं कारण म्हणजे पुढची चूक, नंबर बघून खोदणं. मशीन आवाजासोबत धातूचा अंदाज देणारा आकडा स्क्रीनवर दाखवतं, तो मोठा आला तरच खोदायचं असं ठरवून फिरणारे बरेच. पण झिजून पातळ झालेला अर्धा रियाल, नाण्याचा तोडलेला तुकडा, टॉम्बॅकची (तांबं-जस्ताच्या मिश्रधातूची) पांढुरकी बटणं, शिशाची गोळी, पितळी बकलचा तुकडा हे सगळं मधल्या आकड्यांत येतं, जिथे कोल्ड्रिंकच्या डब्याचं पुलटॅब, म्हणजे ओढून उघडायची कडी, पण येतं. आधीच्या माणसाने पुलटॅब समजून सोडलेलंच तुमच्यासाठी उरलंय. बागेत मी सुद्धा मधले आकडे सोडतो, सगळं खोदलं तर कंबर राहणार नाही. पण भर जंगलातल्या सेलर होलपाशी कोल्ड्रिंक प्यायला किती लोक आले असतील? तिथे मधला प्रत्येक आवाज खोदा.

याच्या उलट पण होतं, आणि यात भले भले फसतात. मोठा आकडा, मस्त आवाज, एक फूट खोदलं आणि निघाली बैलाची नाल. मोठं चपटं लोखंड, कडी, वाकडा गंजका खिळा हे चांदीसारखं खोटं बोलतात. खोदायच्या आधी ९० अंशात वळून परत ऐका. दोन्हीकडून आवाज सारखा आणि एकाच जागी असेल तर खोदा, एका बाजूने गाणं आणि दुसऱ्या बाजूने घरघर असेल किंवा पिनपॉइंट, म्हणजे मशीनने नेमकी जागा शोधल्यावर, ती चार बोटं सरकत असेल तर बहुतेक लोखंड. बहुतेक म्हणतोय हं, कारण खिळ्याखाली दबलेलं नाणंही असंच वागतं. वेळ असेल तर खोदाच.

खोदल्यावर सिग्नल गायब झाला तर घाबरू नका. आधी बाहेर काढलेल्या मातीवर कॉइल फिरवा, नव्वद टक्के वेळा तो ढेकळात असतो. तिथेही नसेल तर गंजलेला खिळा होता, लोखंडाचा गंज आजूबाजूच्या मातीत मुरतो आणि माती हलवली की तो मोठा दिसणारा सिग्नल विस्कटतो. आणि वस्तू मिळाली तरी खड्डा लगेच बुजवू नका, परत एकदा ऐका. वरचा खिळा निघाल्यावर खालचं बोलायला लागतं, खिशातून नाणी पडतात तेव्हा एकच पडत नाही.

मशीन उगाच बडबड करतंय अशी तक्रार तर रोजची. याचं निदान सोपंय. कॉइल हवेत धरून अजिबात हलवू नका. तरीही बडबड चालू असेल तर विजेचा त्रास आहे, वर तारा बघा, शेजारच्याचं मशीन बघा, तुमच्या खिशातला फोन बघा. नॉइज कॅन्सल करा, म्हणजे तो त्रास टाळायचं सेटिंग, मग सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक सिग्नल पकडतं ते) खाली आणा. स्थिर धरल्यावर शांत पण जमिनीवर फिरवल्यावर बडबड, तर माती किंवा लोखंड, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला तिथल्या मातीशी जुळवणं, परत करा. आणि दांडी नुसती हलवली तरी आवाज येत असेल तर कॉइलचा कनेक्टर सैल आहे नाहीतर कॉइलच्या कव्हरमध्ये ओली माती साठली आहे. मी एकदा यावर पूर्ण रविवार घालवला, घरी येऊन कव्हर काढलं तर आत मूठभर काळी वाळू. हो, आणि स्टीलच्या टोकाचे बूट घालून जाऊ नका, प्रत्येक पावलाला खजिना सापडतो. सेन्सिटिव्हिटी २५ पैकी २५ ठेवणारे पण भेटतात, त्यांना मी काही बोलत नाही, मशीनच बोलतं दिवसभर.

जागा निवडण्यात पण चूक होते. सगळे जण सेलर होलच्या चार फुटांत फिरतात, कारण तो खड्डा दिसतो. पण माणसं काय चोवीस तास घरात बसायची? घरापासून विहिरीपर्यंतची वाट, दगडी कुंपणातली बैलगाडी जायची फट, जुन्या रस्त्याची कड, उतारावरचं मोठं झाड, गोठ्याचा पाया, इथे बघा. लायडारचे, म्हणजे वरून लेझरने जमीन मोजून केलेले, नकाशे फुकट बघायला मिळतात, त्यात झाडं काढून टाकलेली जमीन दिसते आणि कुंपणं, जुने रस्ते, खड्डे रेघेसारखे उठून दिसतात. १८५० च्या आसपासच्या काउंटी नकाशांवर घरमालकांची नावं सुद्धा आहेत. ज्या घराचा पाया लायडारवर दिसतो पण १८५० च्या नकाशावर घरच नाही, ते बहुतेक तोवर पडलेलं होतं, म्हणजे जुनं. असं घर दिसलं की मला रात्री झोप येत नाही.

पानं गळल्यापासून बर्फ पडेपर्यंत आणि बर्फ वितळल्यावर झुडपं वाढायच्या आधी, एवढाच खरा सीझन. पाऊस पडून गेलेला असेल तर उत्तम, ओल्या मातीत सिग्नल चांगला येतो. शिकारीच्या दिवसांत केशरी जॅकेट घाला. गोचिडांची मस्करी करू नका, लाइम रोगाला नाव मिळालं ते कनेटिकटमधल्या लाइम गावावरूनच. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग तपासा.

तांब्याचं नाणं घरी आणून घासणं ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून जरा जास्त कळकळीने सांगतो. पहिल्याच वर्षी १७८७ चं कनेटिकट कॉपर मिळालं, हिरवट काळं, पण चेहरा दिसत होता. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने घासतात, मी तेच केलं. लख्ख झालं, चेहरा गेला. इथली माती आंबट, तांबं आधीच वरून कुजलेलं असतं आणि सगळं चित्र त्या काळ्या थरातच असतं. नाणं तसंच ओल्या मातीसकट डबीत ठेवा, घरी टूथपिकने हळूहळू माती काढा, बस. चांदी मजबूत असते, पाण्याने धुवा, पण बोटाने चोळू नका, वाळूचे कण ओरखडे काढतात.

परमिशनशिवाय जाणं ही चूक नाही, गुन्हा आहे. जंगल दिसतं मोकळं पण मालक असतो. दार वाजवा, नाव सांगा, काय मिळालं ते दाखवायचं कबूल करा, खड्डा बुजवून गवताचा तुकडा परत बसवा. मला नाही म्हणालेल्या एका आजींनी पुढच्या वर्षी स्वतः बोलावलं, कारण शेजाऱ्याचं अंगण मी जसंच्या तसं ठेवलं होतं. नॅशनल पार्कमध्ये डिटेक्टर वापरणं तर सोडाच, उघडा जवळ बाळगायला पण बंदी आहे, आणि १९७९ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या १०० वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढता येत नाहीत. स्टेट आणि टाउनच्या जागांचे नियम वेगवेगळे, आधी फोन करा. कबरी किंवा मूळ रहिवाशांच्या जागा असतील तर तिथून निघा.

आणि सुट्टीत भारतात येताना मशीन बॅगेत टाकू का, मामाच्या गावाला गढी आहे, हा प्रश्न मला दर डिसेंबरला कुणीतरी विचारतंच. नका टाकू. संरक्षित स्मारकात खोदायला परवाना लागतो, आणि तुमच्या स्वतःच्या शेतात जरी काही पुरलेलं सापडलं तरी १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. १० रुपयांत तर मामाच्या गावची एसटी पण मिळत नाही.