ओल्ड स्कूल रूनस्केप फुकट खेळताय? मग या चुका टाळा

ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ. त्यात नवे खेळाडू जिथून सुरुवात करतात त्या लम्ब्रिज गावात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, पटकन पैसे कसे कमवायचे?" आमच्या छोट्या मराठी ग्रुपमध्ये हा प्रश्न इतक्यांदा आलाय की पुढे काय होणार ते मला आधीच दिसायला लागतं. हा खेळ मुळातच संथ आहे. 2007 सालच्या बॅकअपवरून 2013 मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तो त्या संथपणासकट. कुठल्याही स्किलमध्ये 99 लेव्हल गाठायला 1,30,34,431 एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, आणि त्यातले निम्मे होतात तेव्हा तुम्ही 92 वर असता. नोकरी-घर सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याने इथे घाई केली, की ती दुसऱ्याच कुणाच्या तरी पथ्यावर पडते.

अनोळखी माणसामागून वाइल्डरनेसमध्ये जाणं

सगळ्यात जास्त जीव या चुकीने जळतो. व्हॅरॉक आणि एजव्हिल या गावांच्या उत्तरेला एक चर आहे. तो ओलांडला की वाइल्डरनेस सुरू होतं आणि दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात. किती आत आहात त्यावर कोण मारू शकतो ते ठरतं: जितकं आत तितकी वाइल्डरनेस लेव्हल जास्त. ती 10 असताना तुमची कॉम्बॅट लेव्हल 40 असेल, तर 30 ते 50 मधला कुणीही तुमच्यावर तुटून पडू शकतो. वाइल्डरनेस लेव्हल 20 च्या वर गेलात तर साधे टेलिपोर्टही (जादूने क्षणात दुसरीकडे जाणं) चालत नाहीत. चर ओलांडताना खेळ इशारा देतो, पण बहुतेक जण तो पुन्हा दिसू नये म्हणून पहिल्याच दिवशी बंद करून टाकतात. तो चालू ठेवा.

आमच्या ग्रुपमधला सांगलीचा एक कॉलेजचा मुलगा. यूची झाडं तोडून, लाकूड विकून त्याने रून धातूच्या चिलखताचा पूर्ण सेट घेतला होता. ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या बाजारापाशी त्याला एक जण भेटला. आधी खायला लॉबस्टर दिले, मग थोडी नाणी दिली, रोज "ब्रो, ब्रो" सुरू. चारेक दिवसांनी म्हणाला, चराच्या पलीकडे एक जागा आहे, तिथे चांगला माल पडतो, फक्त तुझा सगळा सेट घालून ये. आत गेल्यावर म्हणाला, तुझा फटका किती बसतो बघू, मला एकदा मार. याने मारलं. डोक्यावर कवटी आली. पुढच्या क्षणी झाडांमागून आणखी दोघे आले.

ती कवटी म्हणजे काय, हेच त्याला माहीत नव्हतं. एरवी मेलात तर सगळ्यात महागड्या तीन वस्तू तुमच्याकडे राहतात. आधी हल्ला करून कवटी लागली असेल, तर त्या तीनही जातात. "दादा, तो तर चांगला होता," असा त्याचा मेसेज आला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. त्याच मेसेजखाली गोल्ड, म्हणजे खेळातली नाणी, खऱ्या पैशांत विकणाऱ्या एका साइटची लिंक होती आणि विचारलं होतं, घेऊ का? मी नको म्हणालो. गोल्ड विकत घेणं नियमाबाहेर आहे, त्यात अकाउंट कायमचं जाऊ शकतं. त्याने पुन्हा यू तोडायला घेतली.

माझी सवय सांगतो. चर ओलांडायचाच असेल तर गमावलं तरी झोप उडणार नाही एवढंच अंगावर ठेवतो, बाकी सगळं बँकेत. आणि सेटिंगमध्ये कवटी लागू न देण्याचा पर्याय आहे, तो कायम चालू.

नुसती भारी दिसणारी तलवार घेणं

नवशिक्यांना भारी दिसणारी दोन हातांची तलवार हवी असते. ती एक वार करायला 4.2 सेकंद घेते, सिमिटर, म्हणजे वाकडी एकहाती तलवार, 2.4 सेकंदांत करते. रोजच्या ट्रेनिंगला सिमिटरच घ्या. मिथ्रिल धातूपर्यंतची अल खरीद गावच्या दुकानात मिळते. आणि कुठल्या स्टाइलवर लढताय ते बघत जा. तासभर स्ट्रेंथ वाढवतोय असं समजून डिफेन्स वाढवणारे मी कितीतरी बघितलेत.

ढाल न घेता एल्व्हार्गकडे

ड्रॅगन स्लेयर ही फुकट खेळणाऱ्यांची सगळ्यात मोठी क्वेस्ट (मोहीम); तिच्यात एल्व्हार्ग या ड्रॅगनला मारायचं असतं. ती सुरू करायलाच आधीच्या क्वेस्टमधून मिळालेले 32 क्वेस्ट पॉइंट लागतात, आणि ती पुरी केल्याशिवाय रून प्लेटबॉडी (छातीचं चिलखत) अंगावर चढत नाही. एवढी वाट बघून एल्व्हार्गच्या क्रँडॉर बेटावर पोहोचायचं आणि तिच्या आगीने एक-दोन झोतांत मरायचं, हे बघवत नाही. आगीपासून वाचवणारी ढाल लम्ब्रिजच्या किल्ल्यात ड्यूक होरेशियो फुकट देतो. नुसतं मागायचं. गाइडचा तेवढा एक परिच्छेद वाचायलाही वेळ नसेल, तर मला त्या खेळाडूचं वाईट वाटतं, कारण या क्वेस्टची मजा तयारीतच आहे: नकाशाचे तुकडे, फुटकं जहाज, नेड खलाशी. व्हिडिओ पळवत पुढे जाणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

आणि मेलात तर घाबरून लॉगआउट करू नका. अशा ठिकाणी 15 मिनिटं तुमची कबर तिथेच असते, जाऊन सामान घ्या.

"आर्मर ट्रिम करून देतो"

कुणीही देऊ शकत नाही. ट्रिम केलेलं, म्हणजे कडांना नक्षी असलेलं, चिलखत क्लू स्क्रोल या कोड्यांच्या बक्षिसातूनच येतं. पैसे दुप्पट करून देणाराही चोरच. ट्रेडचा दुसरा स्क्रीन दर वेळी पूर्ण वाचा. वस्तू शेवटच्या क्षणी बदलतात.

ग्रँड एक्स्चेंजवर किंमत न बघता बटणं दाबणं

फुकट खेळणाऱ्याला एका वेळी ऑर्डर लावायला तीनच जागा मिळतात. मी झोपण्यापूर्वी थोड्या कमी किमतीला ऑर्डर लावतो, दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा माल आलेला असतो.

गेमच्या पैशांतून मेंबरशिप काढण्याचा हट्ट

खेळातल्या नाण्यांनी विकत घेता येणाऱ्या एका बाँडमध्ये 14 दिवसांची मेंबरशिप मिळते, आणि त्याची किंमत कोटीच्या घरात जाते. रोज तासभर खेळून ते पैसे जमवणं म्हणजे खेळाची नोकरी करून घेणं. माझं स्पष्ट मत: आधी फुकटातल्या सगळ्या क्वेस्ट पुऱ्या करा. तरीही आवडलाच, तर एक महिना पैसे भरून बघा.

बँक पिन आणि ऑथेंटिकेटर न लावणं

हे वाचून झालं की लगेच लावा. आणि "दुप्पट एक्सपी वीकेंड" सांगणाऱ्या लाइव्ह व्हिडिओखालच्या लिंकवर पासवर्ड टाकू नका. ओल्ड स्कूलमध्ये असा वीकेंड नसतोच.