आधी वल्हं, मग जाळं

माझा भाचा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता. दिवाळीनंतर कंत्राट संपलं, तसा एका रविवारी भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्याच्या काठावर, माझ्याकडे उतरला आणि म्हणाला, "मावशी, मला जाळं टाकायला शिकव. पुण्यात मासे काय भावानं जातात बघितलंस का?"

बघितलंय. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मी दोन वर्षं पाटी घेऊन बसले आहे. तिथल्या भावातलं पाण्यापर्यंत किती पोचतं, तेही बघितलंय. पण पोरगं कामाला वाकणारं आहे म्हणून नाही म्हटलं नाही. त्याला सांगितलं तेच इथं लिहिते. हल्ली असं विचारणारा तो एकटाच नाही.

पहिली गोष्ट, जाळ्याला हात लावायचा नाही. निदान महिनाभर तरी नाही. आधी वल्हं.

होडीत दोघं लागतात. एक जाळं सोडतो, दुसरा वल्हवतो. आमच्याकडे बरीच जोडपीच जातात. नाव मात्र जाळं टाकणाऱ्याचं होतं. अमक्याला आज एवढी मासळी लागली, असं अख्खा काठ बोलतो. अमक्याची बायको पहाटे चारपासून वाऱ्यात होडी धरून बसली होती, हे कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मी तीस वर्षांच्या वर वल्ह्यावर आहे, म्हणून माझं मत एकतर्फी समजा हवं तर. पण जाळं वाया जातं ते नव्वद वेळा होडी हलल्यामुळे, हात चुकल्यामुळे दहा वेळा.

वल्हं खांद्यानं मारायचं नाही. भाच्यानं जिममधले खांदे दाखवायला पहिलाच हात असा ओढला की होडी जागच्या जागी फिरली, दुसऱ्या हाताला उलटी फिरली, आणि काठावर चहा पीत बसलेले सगळे उठून बघायला लागले. पातं बुडेल एवढंच वल्हं पाण्यात घालायचं आणि कंबरेतून मागे झुकायचं. हात लहान, पण एकसारखे. परीक्षा सोपी आहे. पाण्यात एक रिकामा कॅन दोरीला दगड बांधून सोडायचा आणि दुपारच्या वाऱ्यात त्याच्या हातभर अंतरावर होडी धरून शंभर आकडे मोजायचे. कॅनला धक्का नको आणि लांबही जायला नको. पुढे जाणं कुणालाही जमतं, एका जागी थांबायला वर्ष जातं. भाच्याचे पहिल्या दिवशी अकरा झाले.

होडी नसेल तर ट्रकच्या ट्यूबवर बसून शिकतात, आमच्या घरातही तसंच शिकले. ट्यूबवर जायचं तर काठाच्या जवळ, आणि अंगात लाइफ जॅकेट. ते घातल्यावर लोक हसतात. हसू द्यायचं. 21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवाशांची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. पोहता येणं हा या पाण्यावर भरवसा नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेला आभाळ काळं झालं आणि वारा एकदम पडला, की जाळं असेल तिथं सोडून काठ गाठायचा. जाळं परत घेता येतं. माझा नवरा एकदाच थांबला होता, "एवढं टोक उचलतो" म्हणून. त्या दिवशी मी त्याच्यावर जशी ओरडले तशी आयुष्यात कुणावर ओरडले नाही.

आता पाण्याबद्दल. उजनीचं धरण सोलापूर जिल्ह्यात, पण त्याचा फुगवटा, म्हणजे मागं साठलेलं पाणी, आमच्या दारात, इंदापूर तालुक्यात. धरण 1980 साली पूर्ण झालं, त्यानंतर सहा वर्षांनी मी लग्न होऊन इथं आले. पेपरात टक्के येतात ते समजून घ्यायला हवेत. एकूण साठा 117 टीएमसीच्या आसपास (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे. म्हणून शून्य टक्के म्हणजे रिकामं नाही, आणि धरण "मायनस"मध्ये गेलं तरी मासेमारी चालू असते. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. तेव्हा मासळी जुन्या भीमेच्या पात्रात गोळा होते. जाळं भरतं, लोक खूश होतात, पण काठापासून पाण्यापर्यंत चिखलातून पाटी डोक्यावर घेऊन चालायचं ते आम्हा बायकांनाच.

पावसाळ्यात आमची नजर दौंडवर. दौंडला किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी आलं, हे फोनवर बघायचं. खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी संगमावर मुळेला मिळतं, मुळा-मुठा पुढं भीमेला, मग दौंड आणि मग आम्ही. आकडा चढला की काठाजवळची जाळी त्याच दिवशी काढून घ्यायची. त्या पाण्याबरोबर जलपर्णीचे गालिचे येतात, आणि गालिचा जाळ्यावर बसला की चार माणसांनी ओढूनही निघत नाही. पुण्याचं सांडपाणीही त्याच वाटेनं येतं, हे पुण्यातल्या वाचकांनी मनावर घ्यावं. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं आणि पाय खाजतात. उतरण्याआधी गुडघ्यापर्यंत खोबरेल चोळायचं आणि घरी आल्यावर साबणानं धुवायचं.

जाळं. तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं घ्यायचं, एकाच वेळी फार घ्यायचं नाही. जाळ्याच्या डोळ्याला आस म्हणतात. आपली बोटं आत घालून माप बघतात. नवशिक्यानं चार बोटं बसतील असा आस घ्यावा. बारीक आसात जास्त लागतं हे खरं, पण ते पुढच्या वर्षीचं असतं. काही लोक वडापनं, म्हणजे बारीक आसाच्या जाळ्यानं, अगदी बोटाएवढी पिल्लंसुद्धा खरवडून नेतात. त्यांच्याबरोबर जायचं नाही, पैसे दिसले तरी नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांकडे निघतात, पोटं अंड्यांनी भरलेली असतात. तेव्हा ओढ्याच्या तोंडाला जाळं लावू नये असं मला वाटतं. कायदा काय म्हणतो ते आणि परवान्याचं मत्स्य विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या, परवान्याशिवाय उतरूच नका.

वरच्या दोरीला तरंगायला थर्माकोल नाहीतर जुन्या स्लिपरचे तुकडे, खालच्या दोरीला शिसं. दोन्ही टोकांना कॅन, त्यावर आपल्या रंगाचं फडकं. आमचं जांभळं आहे, माझ्या फाटलेल्या साडीचं.

टाकायचं ते दिवस मावळताना. वारा जिकडून येतो तिकडच्या टोकाला पहिला कॅन सोडायचा आणि वाऱ्याबरोबर होडी सरकवत जाळं सोडत जायचं, म्हणजे वाराच होडीला जाळ्यापासून लांब नेतो. पहाटे उचलताना उलटं. वारा जिकडे जातो त्या टोकापासून सुरुवात, तोंड वाऱ्याला. दुसऱ्या टोकानं सुरू केलंत तर होडी स्वतःच्याच जाळ्यावर चढते. मग जाळं होडीखाली, वल्हं जाळ्यात, आणि नवरा-बायकोचं भांडण वर. वल्हवणाऱ्यानं उचलणाऱ्याच्या हाताकडे बघायचं, पाण्याकडे नाही. त्याचे हात ताणले की एक हात पुढं, सैल पडले की थांबायचं. आम्ही आता त्या वेळी बोलत नाही. सुरुवातीला बोलायचो, म्हणजे तो बोलायचा.

कुठं टाकायचं हे मात्र सांगून येत नाही, कारण खाली धरणात बुडालेली गावं आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला पुण्यामुंबईचे लोक येतात. पण न दिसणारं कितीतरी जास्त आहे: विहिरींचे काठ, भिंती, झाडांची खुंटं. जाळं तिथं गुंततं आणि फाटतं. सासऱ्यांनी जुनं गाव बघितलं होतं. होडीतून जाताना ते हात दाखवायचे. इथं चिंच, इथं पाटलाचा वाडा, इथून डावीकडे मोट. मी काही ते गाव बघितलं नाही. पण कुठं जाळं अडतं आणि कुठं मोकळं सुटतं यावरून मला त्याच्या गल्ल्या पाठ आहेत. सासरे गेल्यावरही एकदा चिंचेवर जाळं अडकलं, तेव्हा नवरा म्हणाला, "दादांना विचारायला हवं होतं." मग आम्ही दोघं बराच वेळ नुसतेच बसलो होतो. जाळं शेवटी कापावं लागलं.

मासळी सोडवणं हे खरं जिकिरीचं काम. थंडीत बोटं बधिर, अंधार, बॅटरी तोंडात. चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, त्याच्या पाठीवर काटे उभे असतात. डोक्याकडून शेपटीकडे तळवा फिरवत ते आडवे पाडायचे, मग मूठ आवळायची. मासा मागं ओढायचा नाही, तंगूस कल्ल्यात आणखी रुततं. आधी कल्ल्याखालचा धागा नखानं सोडवायचा. मासा बारीक असेल तर पुढंच ढकलून बाहेर काढायचा. शिंगट्या माशाला घाई करायची नाही. त्याचे काटे करवतीसारखे, शिरताना सोपे आणि निघताना मांस घेऊन निघतात. माझ्या उजव्या अंगठ्याला अजून खूण आहे. आणि आता नवीन पीडा सकर मासा. कुणाच्या तरी काचेच्या टाकीतून नदीत आलेला, अंग खरखरीत, खायला कुणी घेत नाही, जाळ्याचे तुकडे करतो. तो अडकला की एक आस कापून टाकायचा आणि पुढं जायचं. सोडवत बसलात तर बाकीची मासळी मरते, उन्हाळ्यात तर तासाभरात नरम पडते. कल्ले लाल आणि डोळा स्वच्छ असेपर्यंत बर्फात गेली पाहिजे.

एक गोष्ट भाच्याला मुद्दाम दाखवली. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. जाळ्यातून काढताना घाबरून ती तोंड उघडते आणि मुगाएवढी पिल्लं तळहातावर सांडतात. ती होडीत पडू द्यायची नाहीत, मासा पाण्यावर धरूनच सोडवायचा, म्हणजे पिल्लं पाण्यात जातात. धंद्याला याचा उपयोग आहे का? चिलापी इथं एवढी झालीय की कुणी म्हणेल, उलट वाईटच. असू दे. मी तसंच करते.

विकण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलायला लागले की माझा आवाज चढतो. व्यापारी होडीला, जाळ्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो. उचल घेतली की मासळी त्यालाच द्यायची, त्याच्या काट्यावर, त्याच्या भावानं. आम्ही एका उचलीचे सात हंगाम फेडत होतो. म्हणून भाच्याला सांगितलं, पहिलं जाळं स्वतःच्या पैशानं घे, मग ते एकच का असेना. आणि घरी एक साधा वजनकाटा ठेव. लिलावाला जाण्याआधी पाटी त्यावर ठेवायची. भांडायचं नाही, आकडा फक्त मोठ्यानं सांगायचा.

मिळतं काय, असंही त्यानं विचारलं. महिन्याचा आकडा मी सांगत नाही, कारण प्रत्येक महिन्याचा वेगळा असतो आणि काही महिन्यांचा नसतोच. पण जानेवारीत या. साडेपाच-सहाला जाळं उचलून होतं, पाण्यावर धुकं असतं, वल्हं वर घेतलं की थेंब पडल्याचा आवाज येतो. कुंभारगावच्या बाजूला उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उभे असतात. पुण्याहून लोक गाड्या भरून त्यांना बघायला येतात, माझा धाकटा रविवारी त्यांना होडीतून फिरवतो आणि जाळ्यापेक्षा बरं कमावतो. रोहित आमची मासळी खात नाहीत, चिखल गाळून त्यातलं बारीकसारीक खातात. म्हणून त्यांचं आमचं वैर नाही. नदीसुरय पक्षी मात्र आमच्याच कॅनवर बसतो आणि आमच्याकडेच बघतो. धुक्यातून आधी आवाज येतो, मग गुलाबी दिसतं. नवरा बिडी पेटवतो, मी पदर कानाला गुंडाळते. काठावर आल्यावर विकायला न जाणारी दोन-चार बारीक मासळी मीठ-तिखट लावून तव्यावर, बरोबर कालची भाकरी. भाच्यानं सहा खाल्ल्या. भाकऱ्या.

दुपारी परत जाताना त्यानं हात दाखवले. दोन्ही तळव्यांवर फोड. फोडायचे नाहीत, हळद-तेल लावायचं, चार दिवसांत कातडं घट्ट होतं. पुढच्या रविवारी येतो म्हणालाय. ट्यूब कुठंतरी गळतेय, पंक्चर काढायचं साहित्य मी आणून ठेवलंय, ते त्याच्याकडूनच काढून घेणार आहे.