पत्रा वाकवल्यावर माप वाढतं? माझा अनुभव

बारावीला मेकॅनिकल मेंटेनन्स (बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय) घेतलंय. प्रोजेक्टसाठी 1 मिमी एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याचं यू-आकाराचं कव्हर हवं होतं: बाहेरून तळ 100 मिमी, दोन्ही बाजू 30 मिमी. साधी बेरीज करून 160 चा पत्रा कापला. वाकवल्यावर तळ 101, बाजू 31.2. फ्रेमच्या खाचेत जाईचना.

हातोडीने ठोकून पाहिलं, तळाला पोक आला. मग कुणीतरी सांगितलं, दर वाकाला जाडीच्या दुप्पट वजा कर. 156 कापला, तर 0.6 मिमी कमी पडला. तीन पत्रे भंगारात गेले, डोकं फिरलं.

शेवटी चाचणीची पट्टी कामी आली. त्याच पत्र्यातून 100 मिमी लांब पट्टी कापली, कडांचे बर (कापताना राहिलेले धारदार कंगोरे) कानशीने काढले. बरोबर 50 वर स्क्राइबरने (धातूवर ओरखडणारी टोकदार सळई) रेघ मारली. फोल्डिंग मशीनच्या जबड्याच्या कडेला रेघ लावून 90 अंश वाकवली, गुण्याने (काटकोन तपासायचं साधन) तपासली. मग व्हर्निअरने दोन्ही पाय बाहेरून मोजले: जबड्यात दाबलेला 50.5, मोकळा 51.2. म्हणजे एका वाकामागे 1.7 वाढ.

आता आखणी: प्रत्येक बाजू 30 − 1.2 = 28.8. तळाला दोन वाक, म्हणून 100 − 0.5 − 0.5 = 99. एकूण 156.6. दोन्ही वेळा तळच जबड्यात दाबायचा. उलटं धरलं तर 0.5 आणि 1.2 ची अदलाबदल होते.

हे आकडे माझ्या मशीनचे. जाडी किंवा जबडा बदलला की नवी पट्टी वाकवा.