मे महिन्यातले हवामान शिबिर: मिरामार आणि वाळपई, एकाच वेळी

शिबिर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्यावे. गोव्यात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्याआधी उकाडा, खारे वारे आणि जमले तर वळीवही मोजता येतो. वीस मुले पुरेत, दहा पणजीच्या किनाऱ्यावर मिरामारला, दहा आतल्या भागात वाळपईला. महागडी उपकरणे नकोत. पैसे वाचवून दुसरे ठिकाण जोडा, कारण खारे वारे आत कुठवर पोचले हे एका जागी बसून कळत नाही.

सगळे तापमापक आधी एकाच बादलीतल्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा. फरक दिसेल, तो लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक नोंदीत दुरुस्त करा.

तापमापक ठेवायची झडपांची पांढरी पेटी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. तिचे दार उत्तरेला असावे असे पुस्तकात असते. पण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत गोव्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, सकाळ-संध्याकाळचे ऊनही उत्तरेकडूनच तिरपे येते. म्हणून शिबिरापुरते दार दक्षिणेला.

पेटीत दोन तापमापक: एक कोरडा, दुसरा ओला, म्हणजे टोकाला भिजलेली मलमल गुंडाळलेला. ही मलमल डिस्टिल्ड पाण्यातच भिजवा. विहिरीच्या पाण्याने क्षार साचतात. किनाऱ्यावर खाऱ्या हवेनेही कापड खराब होते, तेव्हा तिथे ते वरचेवर बदला. कोरडा 32, ओला 27 अंश असेल तर सापेक्ष आर्द्रता सुमारे 67 टक्के.

पर्जन्यमापकाचे तोंड 10 सेंटिमीटर व्यासाचे असेल तर 7.85 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. पर्जन्यमापकाच्या बाटलीवर मोजपट्टी चिकटवू नका, तिचा तळ सपाट नसतो; मोजपात्रात ओता. माड 15 मीटरचा असेल तर पर्जन्यमापक त्यापासून 30 मीटर दूर.

नोंदी सकाळी 8:30 ते संध्याकाळी 5:30, दर अर्ध्या तासाने: दोन्ही तापमान, काठीला बांधलेल्या फितीवरून वाऱ्याची दिशा, मोबाईलवर वायुदाब. मिरामारला वारा समुद्राकडून वळला की पारा चढायचा थांबतो, वाळपईत तो आणखी चढतो. ही वेळ आलेखात शोधायला लावा.

दाबावरून मुले हमखास फसतात. सकाळी दहानंतर दुपारी चारपर्यंत तो रोजच दोन-तीन हेक्टोपास्कल (हे दाबाचे एकक) उतरतो. त्याचा अर्थ वादळ नव्हे. शिवाय वाळपई उंचावर आहे, दर आठ-नऊ मीटरला दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. तेव्हा दोन्हीकडचे आकडे नको, त्यांतला चढउतार ताडून पाहा.

गडगडाट ऐकू आला की नोंद अर्धवट सोडून पक्क्या इमारतीत, माडाखाली नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे कोणी बाहेर पडायचे नाही, बाटलीत पाणी किती साचले हे पाहायलासुद्धा.