बेळगावातनं अमेरिकेला एमएसला जाताय? मग राज्य पण बघा

आमच्या टिळकवाडीत कुणाचं अ‍ॅडमिट आलं की पहिला प्रश्न रँकिंग किती, दुसरा फी किती. राज्य कुठलं हे कुणी विचारतच नाही. सीमाभागातल्या माणसानं तरी विचारावं की ओ, नाका ओलांडला की कागद बदलतात हे आपल्याला काय नवीन आहे?

व्हिसा केंद्राचा, तो सगळीकडं सारखाच. पण कंपनीनं माणूस घेताना काय तपासायचं ह्यात राज्यं घुसलेत. ई-व्हेरिफाय हा शब्द लक्षात ठेवा. आय-९, म्हणजे माणसाला तिथं काम करायची परवानगी आहे का हे तपासायचा फॉर्म, सगळ्याच कंपन्यांना भरून घ्यायला लागतो, त्यातली माहिती सरकारी रेकॉर्डशी ऑनलाइन जुळवायची ही सिस्टिम. अ‍ॅरिझोनात २००८ पासून सगळ्या मालकांना सक्ती, त्यावर केस झाली आणि २०११ ला सुप्रीम कोर्टानं कायदा टिकवला. फ्लोरिडात जुलै २०२३ पासून २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी कंपन्यांना. कॅलिफोर्नियात अशी सक्ती नाही.

सक्ती नाही म्हणजे बरंच की, असं वाटतं, पण इथंच पोरं फसतात. पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीला (विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी) ई-व्हेरिफाय लागत नाही, पण स्टेमवाल्यांना, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणितवाल्यांना, पुढचे २४ महिने पाहिजे असतील तर कंपनी त्यात असायलाच पाहिजे, राज्य कुठलं का असेना. सक्ती नसलेल्या राज्यात छोटी स्टार्टअप बऱ्याचदा नसते. म्हणून ऑफर घेतानाच एचआरला विचारा आणि ई-व्हेरिफायच्या साइटवर कंपनीचं नाव शोधून पण बघा, नुसतं तोंडी हो चालत नाही.

आता नाव. एसएसएलसी मार्क्स कार्डावर इनिशियल, आधारवर वडलांचं नाव मधे, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, हे आपल्याकडं लई घरांत आहे. मग व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं आणि तिथं प्रत्येक कागदावर नाव वेगळं पडत जातं. आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) काढायच्या आधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

तरी ई-व्हेरिफायमधे मिसमॅच, म्हणजे माहिती रेकॉर्डशी जुळत नाही असं, आलंच तर घाबरून काम सोडू नका. कंपनीला सांगायचं, मी चॅलेंज करतोय. मग ८ सरकारी कामाचे दिवस मिळतात, त्यात संबंधित ऑफिसला जायचं नाहीतर फोन करायचा, आणि निकाल लागेपर्यंत त्या कारणावरनं कंपनीला काढता येत नाही.